गुदाशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेआधीचा निर्णय कशाच्या आधारावर?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यात कर्करोगाच्या उपचारांचा विषय निघाला की चर्चा बहुधा नवी इमारत, नवे यंत्र आणि सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड यांवर येऊन थांबते. या गोष्टी लागतातच, त्याबद्दल वाद नाही. परंतु एकाच आजाराच्या, जवळजवळ एकाच अवस्थेतल्या दोन रुग्णांना दोन रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी अगदी निरनिराळे उपचार का सुचवले जातात, हे जाहीरपणे विचारताना सहसा कुणी दिसत नाही. गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या सुमारे १५ सेंटिमीटर भागाच्या कर्करोगात हा प्रश्न टाळून चालत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी काय केले आणि काय केले नाही, यावर गाठ पुन्हा त्याच जागी उद्भवण्याचा धोका, पोटावर शौचासाठी कायमची पिशवी लागणे न लागणे आणि उरलेल्या आयुष्यात शौचावर राहणारे नियंत्रण या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी अवलंबून असतात. मी डॉक्टर नाही. उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि घरातल्या आजारपणामुळे या विषयात शिरावे लागले, एवढाच माझा अधिकार आहे.

मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातली गाठ सर्जन बऱ्यापैकी मोकळ्या जागेत काढू शकतो. गुदाशय मात्र कटीच्या हाडांच्या अरुंद पोकळीत, मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग आणि लघवीचे व लैंगिक क्रियेचे नियंत्रण करणाऱ्या नसा यांच्या अगदी सान्निध्यात असतो. त्याच्याभोवती चरबीचे एक आवरण असते, त्या चरबीत लसिकाग्रंथी असतात, आणि रोगाच्या पेशी पसरतात त्या आधी तिथेच. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे संपूर्ण आवरण अखंड ठेवून गुदाशयासह बाहेर काढण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे गाठ जागच्या जागी परतण्याचे प्रमाण खूप खाली आले आणि आज ती जगभर प्रमाण मानली जाते. तेव्हापासून एक प्रश्न उभा आहे : शस्त्रक्रियाच इतकी नीट होत असेल, तर तिच्याआधी किरणोपचार कुणाला द्यायचे आणि कुणाला टाळायचे?

या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळत गेली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी एका आठवड्यात २५ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) किरणमात्रा दिलेल्या रुग्णांपैकी ११ टक्क्यांना पाच वर्षांत स्थानिक पुनरुद्भव झाला, म्हणजे गाठ त्याच जागी परतली, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. त्या काळी हील्ड यांची पद्धत सर्वत्र रुळलेली नव्हती. ती पद्धत काटेकोरपणे वापरून नेदरलँड्समध्ये घेतलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले, दोन वर्षांनंतरचे हेच आकडे २.४ आणि ८.२ टक्के असे निघाले. म्हणजे चांगल्या शस्त्रक्रियेलाही किरणांची जोड उपयोगी पडली, पण एकूण आयुर्मान मात्र वाढलेले दिसले नाही. पुढे २००४ मध्ये जर्मन संशोधकांनी किरणोपचार व सोबतची औषधे शस्त्रक्रियेच्या आधी द्यावीत की नंतर, याचा निकाल दिला : आधी दिल्यास पाच वर्षांतला स्थानिक पुनरुद्भव ६ टक्के, नंतर दिल्यास १३ टक्के, शिवाय आधी दिल्याने दुष्परिणामही कमी. आज कोणत्याही कर्करोग विभागात गरजेचे किरणोपचार शस्त्रक्रियेनंतर नव्हे तर आधी दिले जातात, त्यामागे ही चाचणी आहे.

इथपर्यंत चित्र बऱ्यापैकी सरळ आहे. त्यापुढे वाटा फुटतात. एक वाट लांब पल्ल्याची : ४५ ते ५० ग्रे मात्रा २५ ते २८ हप्त्यांत, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे पाच-साडेपाच आठवडे, आणि सोबत कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या. दुसरी वाट स्वीडिश धर्तीची : पाच दिवस, रोज ५ ग्रे, त्यानंतर लगेच आठवड्याभरात किंवा काही आठवडे थांबून शस्त्रक्रिया. पोलंड आणि ऑस्ट्रेलियात या दोन वाटांची थेट तुलना झाली, तेव्हा रोग आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत निर्णायक फरक आढळला नाही. तिसरी, अलीकडची वाट म्हणजे किरणोपचार आणि एरवी शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी केमोथेरपी, दोन्ही आधीच उरकून मग शस्त्रक्रिया करणे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅपिडो या बहुराष्ट्रीय चाचणीत धोकादायक गाठी असलेल्या रुग्णांना याचा फायदा झाला. रोगामुळे उपचार फसण्याचे तीन वर्षांतले प्रमाण ३०.४ टक्क्यांवरून २३.७ टक्क्यांवर आले. पण पाच वर्षांच्या पाठपुराव्यात स्थानिक पुनरुद्भव मात्र जुन्या पद्धतीपेक्षा जास्त निघाला, साधारण ६ टक्क्यांच्या जागी १०. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील प्रॉस्पेक्ट चाचणीने आणखी एक दार उघडले. निवडक, फार खाली नसलेल्या, चरबीच्या आवरणाच्या कडेपासून सुरक्षित अंतरावरच्या गाठींसाठी आधी केवळ केमोथेरपी दिली आणि प्रतिसाद अपुरा वाटला तरच किरणोपचार दिले. पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ८० टक्क्यांच्या आसपास राहिले आणि केमोथेरपीच्या गटातील दहापैकी नऊ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार घ्यावेच लागले नाहीत.

हे सगळे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की दोन रुग्णालयांचा सल्ला वेगळा निघाला म्हणजे त्यांतले एक चुकलेच, असा आपल्याकडे लोकांचा लगेच समज होतो, आणि तो नेहमीच बरोबर नसतो. शास्त्राने एकाहून अधिक वाटा मान्य केल्या आहेत. तक्रार वाटांच्या संख्येबद्दल नाही. या रुग्णाला हीच वाट का, हे त्याला सांगितले जात नाही आणि पुष्कळदा त्याच्या कागदांवरही लिहिलेले नसते, ही तक्रार आहे.

माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत नेमके हेच झाले. रक्त पडत होते ते मूळव्याधीचे म्हणून कित्येक महिने काढे आणि मलमे चालली. (आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला कोलोनोस्कोपीला तयार करणे म्हणजे घरच्या बायकांच्या सहनशीलतेची परीक्षाच.) निदान झाल्यावर एका रुग्णालयात सांगितले, आधी पाच-सहा आठवडे ‘लाइट’ (म्हणजे किरणोपचार) घ्या, मग ऑपरेशन. दुसऱ्या ठिकाणी सर्जनने फाईल चाळून किरणांची गरज नाही, तारीख घ्या आणि दाखल व्हा, असा सल्ला दिला. दोघेही अनुभवी, दोघेही सज्जन. पहिल्या ठिकाणी कारण विचारले तेव्हा “आमच्याकडे असेच करतात” हे उत्तर मिळाले, दुसऱ्या ठिकाणी “मी आजवर असेच केले आहे” हे. अखेर मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सल्ला देण्याआधी हातातला एमआरआय अहवाल परत केला, कारण तो होता पोट व कटिभागाच्या सर्वसाधारण तपासणीचा. त्यात गाठ “गुदाशयाच्या मधल्या भागात, भिंत जाड झालेली” एवढेच लिहिले होते. गुदद्वारापासून ती किती सेंटिमीटर वर आहे, आवरणाच्या कडेपासून किती मिलिमीटर आत आहे, भोवतीच्या शिरांत शिरली आहे का, यांपैकी एकही उत्तर त्यात नव्हते. म्हणजे आधीचे दोन्ही सल्ले, ते बरोबर असोत वा चूक, ज्या माहितीवर उभे राहायला हवे होते ती माहिती कुणाकडेच नव्हती.

शस्त्रक्रियेआधीच्या उपचारांतली तफावत रुग्णाला घातक ठरते ती इथे, असे मला वाटते. गुदाशयासाठी खास पद्धतीने केलेल्या एमआरआयमध्ये पातळ, साधारण तीन मिलिमीटरचे काप घेतात आणि ते गाठ असलेल्या भागाच्या अक्षाला काटकोनात ठेवतात. काप तिरके पडले तर गाठ आवरणाच्या कडेला भिडल्यासारखी वाटते किंवा उलट सुरक्षित भासते. कागदाची सुरळी तिरकी कापल्यावर तिची जाडी चुकीची दिसावी, तसाच हा प्रकार. या कडेपासून गाठ एक मिलिमीटरच्या आत असेल तर शस्त्रक्रियेत रोग मागे राहण्याचा धोका मोठा मानतात आणि अशा रुग्णाला आधी किरणोपचार न देणे ही खरोखरच उणीव ठरते. उलट गाठ वरच्या भागात असेल, कडेपासून लांब असेल, लसिकाग्रंथी आणि शिरा मोकळ्या असतील, तर किरणोपचारांनी फारसे काही मिळत नाही आणि नुकसान मात्र निश्चित होते. अहवाल ठरावीक नमुन्यात, प्रत्येक रकाना भरून लिहिला तर एका रुग्णालयाच्या डॉक्टरचे मत दुसऱ्याला तपासता येते. “भिंत जाड झालेली” एवढ्या तीन शब्दांवरून कुणाला काय तपासता येणार?

नुकसान कसले, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे जास्त उपचार म्हणजे चांगले उपचार असा भाबडा विश्वास फार आहे. नेदरलँड्सच्या त्याच चाचणीतल्या रुग्णांना काही वर्षांनी विचारले असता, किरणोपचार घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांनी शौचावर पुरेसे नियंत्रण राहत नसल्याचे सांगितले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. तरुण स्त्रियांच्या बीजकोशांचे काम किरणांमुळे थांबून अकाली रजोनिवृत्ती येते, तर पुरुषांच्या वीर्यनिर्मितीवर आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. भारतात गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने तरुण असतात, हे इथल्या डॉक्टरांचे नेहमीचे निरीक्षण आहे. पस्तिशीच्या विवाहितेला किंवा लग्न ठरायच्या बेतात असलेल्या मुलाला उपचार सुरू होण्यापूर्वी बीजे अथवा वीर्य गोठवून ठेवण्याची सोय असते, एवढे तरी आपल्याकडच्या प्रत्येक विभागात सांगितले जाते का? विषय संकोचाचा आहे म्हणून तो टाळला जातो, आणि मग गेलेली संधी परत आणता येत नाही.

त्याच ओघात बायोप्सीच्या तुकड्यावर करायच्या एका चाचणीचा उल्लेख करतो. काही थोड्या रुग्णांच्या गाठीत पेशींची डीएनए-दुरुस्ती यंत्रणा बंद पडलेली असते. अशा गाठींवर प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या औषधांचा परिणाम विलक्षण होतो. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत अशा बाराच्या बारा रुग्णांची गाठ केवळ औषधाने दिसेनाशी झाली. औषध आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे खरे, पण चाचणी नाही. आपल्याला हा पर्याय होता की नव्हता, हे रुग्णाला आतडे गमावण्याआधी कळायला हवे.

रुग्णालयांतल्या फरकामागे केवळ ज्ञानाचा किंवा सवयीचा भाग नसतो. रुग्ण आधी सर्जनकडे गेला की किरणोपचार तज्ज्ञाकडे, यावरही वाट ठरते. स्वतःचे किरण यंत्र असलेले रुग्णालय ते वापरण्याकडे झुकते आणि नसलेले ते टाळण्याकडे. यात कुणाचा अप्रामाणिकपणा असलाच पाहिजे असे नाही. माणूस हाताशी असलेल्या साधनाने विचार करतो. शिवाय अंतर आहे. काणकोण किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून पाच-सहा आठवडे रोज पणजीच्या परिसरात यायचे, यंत्राखाली झोपण्याआधी पोटभर पाणी पिऊन मूत्राशय भरेपर्यंत बाकावर थांबायचे, कमरेवरच्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून जपून आंघोळ करायची, आणि संध्याकाळी जुलाबाने हैराण होऊन बसमधून घरी परतायचे, हे ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी पाच दिवसांची वाट वैद्यकीयदृष्ट्याही मान्य आहे. कोविडच्या काळात अनेक देशांतील डॉक्टरांनी याच कारणाने ती स्वीकारली. मग आमच्याकडे लांब आणि आखूड असे दोन्ही पर्याय समोर ठेवून रुग्णाला त्याच्या गावाचे अंतर विचारले जाते का? पैशाचा भागही आहेच. २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेमुळे गोव्यातल्या कुटुंबांना मोठा आधार मिळाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण कार्ड खर्च भागवते. कोणता खर्च योग्य, हे ते ठरवत नाही.

बाहेरच्या देशांत ही तफावत लपवली गेलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये आतड्याच्या कर्करोगाचा राष्ट्रीय लेखाजोखा नियमित प्रसिद्ध होतो, त्यात रुग्णालयांची नावे असतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार देण्याच्या प्रमाणात रुग्णालयागणिक किती मोठे अंतर आहे, हे त्यातून वारंवार समोर आले आहे. नेदरलँड्समध्ये २००९ पासून अशीच नोंद ठेवली जाते. तिथे एकेकाळी बहुतेक रुग्णांना सरसकट किरणोपचार दिले जात. २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे बदलल्यावर कमी धोक्याच्या रुग्णांतले हे प्रमाण झपाट्याने घटले आणि ते घटल्याचे आकड्यांनी दाखवता आले. अमेरिकेत ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या सर्जनांच्या संघटनेने २०१७ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी स्वतंत्र मान्यता योजना सुरू केली. उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाची चर्चा विविध शाखांच्या तज्ज्ञांच्या संयुक्त बैठकीत झालीच पाहिजे, ही तिच्या मुख्य अटींपैकी एक. भारतातही पाया घातलेला आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगावर सहमतीचा दस्तऐवज काढलेला आहे. कागद आहेत. एखाद्या रुग्णालयाने त्यांपैकी किती पाळले, हे पाहण्याची सोय रुग्णाला नाही.

गोव्यासाठी हे काम अवघड नाही, असे मी धाडसाने म्हणतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, जिल्हे मोजकेच, आणि गुदाशयाच्या कर्करोगाची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १८४२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने पुढाकार घेऊन आठवड्यातून एकदा संयुक्त बैठक घ्यावी, ज्यात सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ, केमोथेरपीचे तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतील, आणि खासगी रुग्णालयांना व जिल्हा रुग्णालयांना आपले रुग्ण त्यात ऑनलाइन मांडता येतील. बैठकीतला निर्णय एका पानावर लिहावा : गाठ कुठे, किती खोल, कोणती वाट निवडली, का निवडली, कोणती नाकारली. हे पान मराठीत किंवा कोकणीत रुग्णाच्या हातात पडावे. योजनेचे पैसे मंजूर करताना हे पान जोडलेले आहे की नाही, एवढे जरी खात्याने पाहिले तरी निम्मे काम होईल, कारण आपल्याकडे जे कागद पैशांना जोडलेले असतात तेच नीट भरले जातात.

त्यानंतर आकडे प्रसिद्ध करण्याचा मुद्दा येतो, आणि तिथे डॉक्टरांची भीती मला समजते. वर्षाला मोजकेच रुग्ण असलेल्या रुग्णालयात एका रुग्णाने टक्केवारी एकदम वर-खाली होते, आणि जिथे सगळ्यांनी हात टेकलेले रुग्ण येतात त्या सरकारी रुग्णालयाचे आकडे खासगीपेक्षा वाईट दिसणारच. म्हणून तीन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करून, रोगाची अवस्था लक्षात घेऊन ते द्यावेत. सुरुवातीला निष्पत्ती बाजूला ठेवून प्रक्रियाच मोजली तरी चालेल. उपचारापूर्वी योग्य पद्धतीचा एमआरआय किती रुग्णांचा झाला, संयुक्त बैठकीत किती रुग्णांची चर्चा झाली, किरणोपचार किती जणांना दिले आणि त्यांपैकी किती जणांना एमआरआयनुसार ते खरोखर हवे होते? या प्रश्नांच्या उत्तरांनी कुणाची बदनामी होत नाही, आणि दोन रुग्णालयांत फरक दिसलाच तर चर्चा निदान माहितीवर होईल.

आरोग्य खात्याने याचा विचार करेपर्यंत एक गोष्ट रुग्णालये कोणत्याही आदेशाशिवाय उद्यापासून करू शकतात. एमआरआय झाल्यावर छापील फिल्म आणि दोन ओळींच्या अहवालासोबत सगळ्या प्रतिमांची सीडी मागितल्याशिवाय रुग्णाला द्यावी. दुसरे मत घ्यायला बेळगाव, मणिपाल किंवा मुंबई गाठणाऱ्या रुग्णाला ती नसल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागते, आणि ज्या आठवड्यांत उपचार सुरू व्हायचे ते पुढच्या रांगेत जातात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा